आऱ्यामागची खोली

"झोपेत दचकते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रामाजीने डावा कान पुढे केला. लाकडं कापायच्या आऱ्यावर सतरा वर्षं काढल्यापासून उजव्या कानाने त्याला फारसं ऐकू येत नव्हतं. उत्तर त्याच्या बायकोनेच दिलं.

"झोपतच नाई म्हना ना, बाई," वच्छला म्हणाली. "अन् हे पाहा, भुवया उपटून राह्यली. बोलनं तर दिवाळीपासूनच बंद हाय."

सुजाता दोघांच्या मध्ये बाकावर बसली होती. आठ वर्षांची पोर; पण भुवयांच्या जागी नुसती लालसर कातडी उरल्यामुळे तिचा चेहरा एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे पाहिले, गुडघ्यावर हळूच ठोकून पाहिलं. मग पेनाचं टोपण लावत विचारलं, "घराच्या आसपास काय आहे?"

एवढे दवाखाने झाले, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"मांगं आरा मशीन हाय. समोर दारूचा अड्डा," वच्छला म्हणाली. "मधात आमी."

"गोळ्या देते. पण गोळ्या काही भिंत हलवणार नाहीत. हिची जागा बदलून पाहा."

"जागा म्हंजे?" रामाजीने विचारलं.

"राहायची जागा हो."

लकडगंजातल्या आपल्या खोलीत ते परतले तेव्हा दुपार झाली होती. कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी रामाजी घरात असा कधी बसलाच नव्हता. जेवणाची सुट्टी संपली आणि पलीकडे आरा सुरू झाला. फळीवरचे गंज-पातेली एकमेकांवर आपटू लागली. पत्र्याच्या फटीतून बारीक भुसा खाली आला. आवाजावरूनच त्याने ओळखलं, सागाचा ओंडका आहे, आणि आज त्याच्या जागी उभा असलेला बळीराम घाई करतो आहे. लाकडात गाठ आली तसं पातं किंचाळलं. एरवी त्या आवाजाला रामाजी फक्त हात सावरून घ्यायचा. आज त्याने मागे वळून पाहिलं. सुजाता वाकळांच्या ढिगामागे शिरली होती आणि तिने कानांवर तळवे घट्ट दाबले होते.

त्याने भिंतीवर हात ठेवला. भिंत ताप भरलेल्या अंगासारखी थरथरत होती.

"रोजच असं?"

"रोजच," वच्छला तांदूळ निवडत म्हणाली. "तुमी तिकडून चालवता, आमी इकडून आयकतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढचे चार रविवार तो सायकलवर खोल्या शोधत हिंडला. सक्करदऱ्याला तलावाच्या अंगाला एक मिळण्यासारखी होती. समोर मोकळी जागा, दोन कडुनिंब. घरमालक भला वाटला, पाणीही दिलं. मग आडनाव विचारलं. "रामटेके," रामाजी म्हणाला. मालकाने पाण्याचा गडवा उचलून आत नेला आणि बाहेर येऊन सांगितलं, "खोली कालच गेली हो." पुढच्या रविवारी रामाजी मुद्दाम त्याच वाटेने गेला. खोलीला कुलूपच होतं.

शेवटी होळी झाल्यावर सुजाताला कळमेश्वरकडे, त्याच्या बहिणीच्या गावी नेऊन सोडलं. इंदूबाईचा नवरा धोंडबा दोन एकर वाहायचा. घर दोन खणांचं. वच्छलालाही पोरीबरोबर जायचं होतं. पण ती चार घरची भांडी घासायची, आणि एकाच्या मजुरीत शहरातली खोली चालत नव्हती. "शाळा उघडेस्तोवर ठेव वं बाई," रामाजी बहिणीला म्हणाला.

जूनमध्ये तो तिला आणायला गेला. पिशवीत नवा फ्रॉक होता. एस.टी.तून उतरून दीड मैल चालल्यावर घर दिसायच्या आधी आवाज आला.

"काहून पयतं वं! इकडे ये मनलं ना!"

कुडामागे सुजाता कोंबडीच्या मागे धावत होती. रामाजी बाभळीखाली थांबला. हा आवाज आपल्या पोरीचा आहे हे पटायलाच त्याला वेळ लागला. भुवया आल्या होत्या, विरळ, पण आल्या होत्या.

तिने त्याला पाहिलं आणि धावत आली. दोन हातांवर थबकली.

"बाबा, न्यायले आले?"

विचारता विचारता तिचा हात भुवईकडे गेला. तिचं तिलाही ते कळलं नसावं.

"नाई वं," रामाजी म्हणाला. "फराक द्यायले आलो."

हात खाली आला. "आत्या, बाबानं फराक आनला!" ओरडत ती घरात पळाली.

इंदूबाईने पुढे येऊन भावाच्या हातातली पिशवी घेतली. "राहू दे गा भाऊ तिले इथंच," ती म्हणाली. "इथली शाळाबी बरी हाय."

लकडगंजात वच्छला दारात उभी होती. खोली सारवलेली, चुलीवर पोरीच्या आवडीची मुगाची खिचडी. नवऱ्याच्या मागे कुणी नाही हे तिने पाहिलं.

"जेवली होती?"

"दोन भाकरी खाल्ल्या."

"दोन?" वच्छला म्हणाली आणि आत जाऊन तिने एकच ताट घेतलं. रामाजीने अर्धी खिचडी तिच्यापुढे सरकवली. ती दोघांकडूनही संपली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढून तो पोरीच्या इथल्या शाळेत गेला. दाखला लिहिणाऱ्या सिंधूताई बाई सुजाताला ओळखत होत्या. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक असे रकाने भरून झाल्यावर त्यांचा टाक थांबला.

"शाळा सोडण्याचं कारण?"

रामाजीने बंडीवरचा भुसा झटकला.

"तिकडे तिले बरं वाटते," तो म्हणाला.

"असं लिहिता येत नाही हो, रामाजी." त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. शिक्का मारला, शाई फुंकून वाळवली.

रामाजी चौथीपर्यंत शिकला होता. शाळेच्या पायरीवर उभं राहून, बोट फिरवत त्याने एकेक अक्षर लावलं. 'वडिलांची बदली.'

त्याने पुन्हा एकदा वाचून पाहिलं. मग भुसा लागू नये म्हणून कागद बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं, आणि कामावर गेला.