लाल दोऱ्याची फांदी

शाळेच्या भिंतीमागच्या रुईकडं बघितलं आणि हुमेरा मॅडमनं धावत जाऊन फांदी हातात धरली. लाल दोरा बांधलेल्या फांदीवर एक पान शिल्लक नव्हतं.

त्या फांदीवर सातवीच्या अख्ख्या वर्गाचा जीव अडकला होता. टाचणीच्या डोक्याएवढ्या अंड्यातून निघालेली अळी पोरांनी रोज पट्टी धरून मोजली होती. तिनं चार वेळा कात टाकली, तेही तारखेसकट वहीत उतरलं होतं. मग ती एका पानाखाली उलटी लटकली आणि सोनेरी टिपक्यांचा हिरवा कोष झाली. काल तो काळपट पडला, आत नारंगी पंख दिसायला लागले. म्हणजे आज फुलपाखरू निघणार. आणि आज निघायलाच हवं होतं. हेडमास्तर किसनराव भर वर्गात बजावून गेले होते, "शनिवारपर्यंत काही निघालं न्हाई, तर हा किड्यांचा तास बंद. सोमवारपासून गणिताचा सराव."

आज शनिवार, मारुतीला रुईची माळ घालायचा वार. हुमेराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मारुतीच्या देवळाकडं धावतच सुटली, मागे वर्गातली मुन्नी आणि हातातल्या वह्यांसकट सगळी पोरं.

देवळात तेल वाहणाऱ्यांची रांग लागली होती. मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची ताजी माळ होती.

"मामा, भिंतीमागची पानं तुमीच तोडली का?" तिनं पायरीवरूनच उद्धव गुरवांना विचारलं.

"व्हय. फांदीला दोरा हाताला लागला. कुणाचा तरी नवस असंल म्हणून पहाटेच्या अंधारात चाचपून तीच पानं आधी घेतली. काहून?"

दोरा तिनंच बांधला होता, फांदीला कुणी हात लावू नये म्हणून! आपल्याच शहाणपणापायी कपाळ बडवून घ्यावं असं तिला झालं.

कोष माळेतच होता, डाव्या बाजूच्या खालून तिसऱ्या पानाला. वरून तेल ओघळत होतं, आता जेमतेम चार बोटांवर आलं होतं.

"मामा, त्या पानाला फुलपाखराचा कोष आहे, तो अंगावरच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतो. तेल लागलं की जीव गुदमरून जाईल त्याचा. तेवढं पान काढून द्या."

"देवाला घातलेली माळ दिवस मावळेपर्यंत उतरवत न्हाईत, बाई. अन् तेल वाहणाऱ्याला मी कसं अडवू?"

पण उद्धवरावांनी वाकून पानाकडं निरखून बघितलं. मग तळहात कोषावर आडवा धरला. पुढच्या माणसाचं तेल त्यांच्या बोटांवरून कोपरापर्यंत गेलं, तरी हात हलला नाही.

"मॅडम, फुटलं!" मुन्नी ओरडली.

कोषाला चीर गेली होती. आता आडवा हातच नडणार होता. हुमेरा पायरी चढून पुढं झाली, "मामा, हात काढा. पंख उलगडायला जागा लागते."

हात बाजूला झाला. आणि रांगेतला पुढचा माणूस पुढं सरकला. तेलाची बाटली घेतलेले किसनराव!

फुलपाखरू रिकाम्या कोषाला लटकलं होतं. पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले. पोटातलं पाणी त्यांत भरत होतं, सुरकुत्या हळूहळू सुटत होत्या.

"सर, आता थेंब जरी पडला तरी पंख चिकटतील. ते पुन्हा उघडायचे न्हाईत," हुमेरा म्हणाली. आर्जवही होतं त्यात आणि रागही.

किसनरावांची बाटली तिरपी झालेली. तोंडाशी थेंब येऊन थांबलेला. मागून कुणीतरी खेकसलं, "सरका की हो मास्तर, कामाला जायचंय!"

"किती वेळ लागंल?" किसनरावांनी मान न वळवता विचारलं.

"उडायला दोन घंटे तरी."

बाटली तशीच. हुमेरानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा किसनराव बाटलीला बूच लावत होते. थेंब त्यांच्या अंगठ्यावर पुसला गेला होता. ते रांगेपुढं आडवे उभे राहिले आणि पोरांवर नेहमीसारखे डाफरले,

"तोंडं काय बघून राहिले? वह्या काढा."