बेर्तियचा गुरुवार

आंसेल्मचा हात मोडला तो गुरुवारी, आणि गुरुवार हा बेर्तियचा दिवस होता.

टेकडीवरच्या तेर्त्र चौकात चित्रकाराला बसायला पांढऱ्या रेघांनी आखलेली एक मीटर बाय एक मीटर जागा मिळते, तीही दोघांत एक. सोमवार, गुरुवार, शनिवार बेर्तियचे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार आंसेल्मचे. रविवार आलटून पालटून. आंसेल्म तेलरंगात टेकडीवरचं पांढरं चर्च काढायचा, दिवसाला दोन, डोळे मिटूनही आली असती. बेर्तिय कोळशाने माणसांचे चेहरे काढायची. एकोणीस वर्षं दोघं एकाच स्टुलावर आळीपाळीने बसत होती आणि एकोणीस वर्षं भांडत होती. त्याचं टर्पेंटाइन तिच्या स्कर्टला लागायचं, तिचा कोळसा त्याच्या आभाळाला. छत्री एक, स्टूल एक, आणि थंडीतला टोपीवाला जाड कोटही एकच. तो कोपऱ्यावरच्या कॅफेत खुंटीला असायचा. ज्याचा दिवस त्याने घालायचा.

त्या गुरुवारी बेर्तियची दाढ ठणकत होती, म्हणून त्यांनी दिवस बदलून घेतला. घात केला तो कोटाने.

सिप्रियां हा परवाना नसलेला चित्रकार. असे बरेच आहेत. कागद लावलेली फळी बगलेत मारून टेकडीच्या पायऱ्यांवर उभे राहतात आणि चौक बघायला वर येणाऱ्या पाहुण्यांच्या वाटेत आडवे येतात. पण सिप्रियां बेर्तियच्या खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा दंडाला धरून उठवायचा. तिने तक्रार लिहून दिली, आणि नगरपालिकेच्या माणसांनी त्याची फळी, कागद, कोळसा सगळं उचलून नेलं. तेव्हा तो भर चौकात म्हणाला होता, "ज्या हाताने लिहिलंस ना म्हातारे, तो हात बघून घेतो."

सकाळी अकराला तो मागून आला. समोर छत्री तीच, कोट तोच, डोक्यावर टोपी ओढलेली. त्याच्या हातात लोखंडी कांब होती. पहिला फटका मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. आंसेल्म गुरासारखा ओरडला आणि टोपी मागे सरली.

"अरेच्चा," सिप्रियां म्हणाला. "म्हातारी नाही होय ही?"

आणि तरी त्याने तिसरा मारला.

हे बेर्तियला कॅफेवाल्या मादाम फर्नांदने सांगितलं. दुखऱ्या दाढेवर रुमाल धरून ती तशीच इस्पितळात गेली. आंसेल्मचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि तो पोलिसाला सांगत होता, "पायऱ्यांवरून घसरलो हो. वय झालं."

पोलीस गेल्यावर ती म्हणाली, "घसरलास? तीन वेळा?"

"हळू बोल."

"नाव का नाही सांगितलंस?"

"डोकं आहे का गुडघा? टेकडीवर मारामारीत नाव आलं की परवाना रद्द. मारणारा असो नाहीतर खाणारा. आणि एकाचा गेला की जागा दोघांची जाते. मी सहासष्ट वर्षांचा आहे. त्या चौकाबाहेर मला कोण ओळखतं?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन बोटं हलतील. कदाचित." मग तो हसला. "चर्च डाव्या हाताने काढीन. तुला तरी कुठे फरक कळणारे?"

तिला रडू फुटलं. तो मार तिचा होता. त्याला ते माहीत होतं आणि तो एका शब्दाने बोलत नव्हता, याचाच तिला जास्त संताप आला.

शुक्रवारी सकाळी ती नगरपालिकेत गेली आणि जागेतला आपला अर्धा हिस्सा सोडल्याचं पत्र खिडकीत सरकवलं.

"बाई, यासाठी लोक दहा-दहा वर्षं रांगेत थांबतात," कारकून म्हणाला.

"मग थांबणाऱ्यांना आनंदच होईल."

"जागा आता पूर्ण तुमच्या जोडीदाराची. तारीख आजचीच धरतो. पण त्याची सही आठवड्याच्या आत आली पाहिजे. नाही आली तर पत्र रद्द, तुम्ही जोडीदार होतात तशाच."

"करेल तो. एकोणीस वर्षं मला हाकलायला टपलाय."

शनिवारी दुपारी ती कॅफेत गेली आणि तिथे ठेवलेल्या छत्रीचा लोखंडी दांडा काढून घेतला. मादाम फर्नांदने पाहिलं आणि मान फिरवून कप पुसत राहिली.

सिप्रियां पायऱ्यांवर एका नवरा-बायकोला अडवून उभा होता. नवी फळी, नवा कोळसा. बेर्तियला पाहून त्याने दात काढले.

"काय गं, आज शनिवार ना? तुझा दिवस."

"आता माझा कुठलाच दिवस नाही," ती म्हणाली, आणि दांडा फिरवला.

पहिला गुडघ्यावर बसला. तो वाकला तसा दुसरा खांद्यावर. फळी पायऱ्यांवरून खडखडत गेली, पाहुणी बाई किंचाळली. सिप्रियांने बेर्तियचे केस धरून तिला खाली ओढलं, तोंडावर ठोसा मारला. दुखरी दाढ तिच्या तोंडातच तुटली. ती रक्त थुंकली आणि बसल्या बसल्याच दांडा त्याच्या बरगड्यांत घातला. तो आडवा झाला. त्याचा उजवा हात तिच्यासमोर पायरीच्या दगडावर पडला होता.

बेर्तियने आयुष्यभर हात आणि चेहरेच पाहिले होते. नखांत कोळसा, मधल्या बोटाला घट्टा. तिच्या बोटाला होता तसाच, त्याच जागी. हा चित्रकाराचा हात आहे, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं.

"नको," सिप्रियां म्हणाला. "बाई, नको. हात नको."

तिने मारला. तीनदा. तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीत एवढं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग पुढच्याच क्षणी तिने कठड्याला धरून भडाभडा ओकून टाकलं.

चौकीत पोलिसाने विचारलं, "चौकातल्या चित्रकार ना तुम्ही?"

"कालपासून नाही," सुजल्या तोंडाने ती म्हणाली. "लिहून घ्या. कालपासून."

दोन दिवसांनी तिला सोडलं. खटला पुढे उभा राहणार होता. गुरुवारी दुपारी ती पाहुण्यांच्या घोळक्यातून पायऱ्या चढली. मारामारीच्या पायरीवरचा रक्ताचा डाग कुणीतरी घासून काढला होता.

आंसेल्म जागेवर होता, पण स्टुलावर नाही. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. स्टूल रिकामं, त्यावर टोपीवाला कोट घडी करून ठेवलेला. मांडीवर नगरपालिकेने सहीसाठी पाठवलेलं तिचं पत्र.

"आज शेवटचा दिवस," ती रेघेबाहेरून म्हणाली. "सही का नाही केलीस?"

"हात मोडलाय."

"डावा आहे ना?"

"डाव्याने येत नाही मला." तो तिच्याकडे बघेना. "तुला कोणी सांगितलं होतं गं हे सगळं करायला? मी मागितला होता का हा मीटर? एकट्याने बसून काय करू त्यात? भांडू कुणाशी?"

"पाचला खिडकी बंद होते, आंसेल्म. सही नसेल तर शनिवारची मारामारी परवानेवालीची ठरते. दोघांची जागा जाते. मग हा हात तू फुकट मोडून घेतलास, आणि मी सिप्रियांचा फुकट मोडला."

बेर्तियने रेघ ओलांडली, कोट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याच्यासमोर आपल्या स्टुलावर बसली. खिशातून पेन काढून त्याच्या डाव्या हातात दिली. बोटं नीट धरेनात, म्हणून तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

"सैल सोड," ती म्हणाली. "मी नेते."

त्याच्या चित्रांच्या कोपऱ्यात एकोणीस वर्षं पाहिलेली ती सही तिला पाठ होती. दोघांनी मिळून ती सावकाश काढली. शेवटचं वळण आलं तेव्हा आंसेल्मने हात अडवून धरला, घट्ट, लहान मुलासारखा. तिने थोडा वेळ तसाच राहू दिला. मग जोर लावून सही पुरी केली.