उलांडी ढिली का बांधायची

थाप मारण्यात कौमाईचा हात धरेल असं बेटावर कुणी नव्हतं, आणि बाईला त्याचा केवढा मान. तिचा भाऊ होड्या बांधायचा. होडीची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांच्याकडचा कायदाच. पण कुणी विचारायला आलं, तर त्याला रिकाम्या हाती पाठवणंही बरं नव्हे. म्हणून ते काम कौमाईकडे. होडीचा तोल राखणारा बाजूचा ओंडका, ही उलांडी, ढिली का बांधता, असं कुणी विचारलं की ती सांगे, समुद्रातली म्हातारी त्या फटीत बोट घालून बोटाची खाज भागवते. भाऊ शेजारी बसून गंभीरपणे मान डोलवे. साऱ्या बेटाला त्या थापा तोंडपाठ झाल्या.

भाऊ गेला. त्याचा मुलगा तेउरिबा अर्धं आयुष्य परदेशी जहाजांवर काढून घरी आलेला. त्यानं बापाची होडी नजरेनं मोजून तश्शी दुसरी बांधली. पण सुंभ टाकून नायलॉनची दोरी घेतली, आणि उलांडी अशी करकचून आवळली की मुंगी शिरायची नाही. आता खडकाबाहेरच्या खुल्या समुद्रात कुपा मासे धरायला जायचं म्हणाला.

गाठ सोड, उलांडी होडीला जोडणारा दांडा मोडेल, कौमाईनं सांगून पाहिलं. तो नीरा पीत हसत बसला. म्हातारीच्या बोटाचं काय करायचं मग, म्हणून विचारलं. तिनं देवाची शपथ घेतली, तर म्हणाला, शपथ तर तू पाद्रीबाबांना शार्कचं लग्न सांगतानाही घेतली होतीस.

जन्मात पहिल्यांदा खरं बोलली, आणि गिऱ्हाईकच मिळेना.

मग ती उठली, अंगावरचं फडकं कमरेला आवळलं आणि होडीत जाऊन बसली.

"उतर आत्या. तुला पोहायला येत नाही."

"म्हणून तर बसले. तू बुडलास तर मला रडत बसायला लागेल. त्यापेक्षा दोघं जाऊ."

तेउरिबाला वाटलं, चार हात गेल्यावर उतरेल. आतल्या पाण्यात होडी लोण्यासारखी चालली. कौमाई गप्प. ती गप्प बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि त्याचं हसू तिथंच आटलं. खडकाच्या तोंडाशी बाहेरची लाट आली. लाटेनं उलांडी उचलली, होडी मात्र अजून खालीच. दांडा कण्हला. कौमाईनं तेउरिबाचा हात ओढून गाठीवर ठेवला. दुसऱ्या लाटेला गाठीखालचं लाकूड हाताला फाटत असल्यासारखं लागलं. त्यानं शीड फिरवून होडी किनाऱ्याकडे वळवली.

किनाऱ्यावर दोरी कापताना दांड्याला चीर दिसली, बोटभर लांब. नवा दांडा घालावा लागणार होता. तो खाली मान घालून म्हणाला, "बाबांनी मला का नाही सांगितलं?"

"तू परत येशील, मग सांगू म्हणत राहिला."

त्यानं मोबाईल काढून रेतीत उभा केला. सगळ्या गाठींची कारणं सांग म्हणाला, आणि खरी सांग, थाप नको. कौमाईनं सांगितलं, लाट होडीला आणि उलांडीला वेगवेगळ्या वेळी उचलते म्हणून मधे जागा लागते. त्यानं पुन्हा विचारलं, किती जागा? तिनं सांगितलं. जेवून आल्यावर तिनंच त्याला विचारलं. जागा तर सोडाच, लाट आधी कुणाला उचलते तेही त्यानं उलटं सांगितलं.

"मोबाईलमधे आहे की," तो म्हणाला.

"समुद्रात मोबाईल कुठं बघत बसशील?"

मग सुंभ मांडीवर वळत ती आपल्या चालीवर आली. होडी आणि उलांडी हे मेहुणे-मेहुणे. एकाच मेजवानीला निघालेत, पण एक ताडमाड, दुसरा ठेंगू. दोघांना एकाच चटईत गुंडाळलंस तर वाटेतच मारामारी. पण दोघांच्या मधे माझा अंगठा मावेल एवढी जागा ठेव, मग बघ कसे गाणी म्हणत जातात. ठेंगू तर म्हणे एकदा पंचवीस नारळ खाऊन...

"पुढं?" तेउरिबानं विचारलं. त्याचे हात थांबले नव्हते. तिचा अंगठा मधे धरून तो सुंभाचा पहिला वेढा घालत होता.