मुद्देमाल कासव, नग एक

पुंजाराम हवालदारानं एकोणतीस वर्षांच्या नोकरीत नाना तऱ्हेचा मुद्देमाल सांभाळला होता. रक्तानं कडक झालेले शर्ट, गावठीचे कॅन, चोरीच्या सायकली, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. पण मुद्देमाल हगतो, हे त्याला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं.

सोमवारी सकाळी त्यानं चौकीतली मुद्देमालाची खोली उघडली आणि दोन पावलं मागं सरकला. कायतरी कुजल्यासारखा वास. कोपऱ्यात पत्र्याचा डबा, डब्यात कडबा, कडब्यावर तळहाताएवढं कासवाचं पिल्लू. अंगाला हळद, कुंकू, वरून तेल. मागच्या पायाला सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन पंचांच्या सह्या. आणि पाठीवर लाखेचं सील.

"आरं कुणी केलं हे?" तो ओरडला. "जित्या जिवाच्या पाठीवर तापली लाख?"

लिखापढी करणारा रायटर फाइलीतून मान वर न काढता म्हणाला, "नियमच हाय, दादा. मुद्देमालाला सील पाहिजे."

शनिवारी करमाडच्या पुढं एका ढाब्यामागं धाड पडली होती. वैजापूरकडचा सांडूबुवा नावाचा एक भोंदू तिथं पूजा मांडून बसला होता. वीस नखांचं कासव असलं आणि त्याच्यापुढं मंतर म्हणला की पैशाचा पाऊस पडतो, म्हणं! आणि हे ऐकायला कोण बसलं होतं, तर शिकलेसवरलेले चार जण, त्यातला एक इंजिनिअर. शिक्षणाची माती झाली, दुसरं काय. बुवा लॉकअपमधी गेला, कासव मुद्देमालात आलं, आणि रविवारच्या पेपरात चौकीच्या साहेबांचा फोटो झळकला. "वीस नखांचे दुर्मीळ कासव जप्त." त्या शनिवारी पुंजाराम रजेवर होता. साखरेच्या दुखण्यानं उजव्या पायाच्या अंगठ्याला दोन महिन्यांपासून जखम होती, ती दाखवायला डॉक्टरकडं गेला होता. चौकीत असता तर लाख त्या रायटरच्याच टाळूवर ओतली असती.

साहेबांचा हुकूम असा, की कासव कोरडंच ठेवायचं. भिजलं तर चिठ्ठीवरच्या सह्या पुसतील. कोर्टाचा हुकूम येईस्तोवर पंधरा दिवस. मधे मेलं तर जबाबदारी पुंजारामची.

त्यानं कासव उचललं तर ते हातात हललंही नाही. मान आत, पाय आत. नुस्ता गुळगुळीत, तेलकट गोळा. पण त्या गोळ्याच्या आत कुठंतरी कायतरी धडधडत होतं, ते त्याच्या बोटांना लागलं. मग मात्र त्याला खाली ठेववेना.

रोज दुपारी एकला बायको, दगडाबाई, डबा घेऊन यायची. त्या वासात घास उतरंना म्हणून पुंजाराम डबा घेऊन बाहेर लिंबाखाली बसायचा. दगडाबाई म्हणायची, "तुमी जेवा. त्या घाणीत बसता दिवसभर, मी तेवढं झाडून घेते." भली बाई. आणि नवल असं, की पुंजाराम सकाळी ओल्या फडक्यानं कासव पुसून चकचकीत करायचा आणि दुपारी बघावं तर पाठीवर पुन्हा ताजं कुंकू, कडब्यावर दूध, आणि ते दूध उन्हाच्या झळीत नासून त्याचा वेगळाच आंबूस भपकारा.

"ही चौकी हाय का देऊळ?" तो कावायचा. रायटर म्हणाला मी नाय. साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला आईची आन. पण पुंजारामनं त्याला दारातून कासवाला हात जोडताना डोळ्यानं पाहिलं होतं. दोन शिपाई तर पाया पडून ड्युटीवर जायचे. कायद्याची वर्दी अंगावर, आणि अक्कल गहाण ठेवलेली! सकाळी बुवाला दंडुका दाखवायचा आणि दुपारी त्याच्याच कासवापुढं नाक घासायचं. थू असल्या जिनगानीवर.

बुधवारी मुनिरा मॅडम आल्या. रोशन गेटला राहायच्या, मुलींच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायच्या. कासव कोणतं ते त्यांनी लिहून दिल्याशिवाय फॉरेस्टवाले हात लावत नव्हते. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी डब्यात पाहिलं आणि त्यांचं तोंडच वाकडं झालं.

"या अल्ला. ये क्या हाल करके रखा है? हवालदार, हे पाण्यातलं जनावर आहे. चार दिवस कोरडं?"

"मुद्देमाल वला करता येत नाय, मॅडम," पुंजाराम म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला स्वतःचीच किळस आली.

मॅडमनी कासव उलटं केलं. "हे बघा. पोटाला मागच्या बाजूला ही दोन झापडं आहेत. पाय आत ओढले की वरून झापडं बंद. पेटीच झाली. पाठ इतर कासवांसारखी कडक नाही, वर कातडी आहे. आपल्याच तळ्यांच्या चिखलात राहतं हे. दुर्मीळ-बिर्मीळ काही नाही. पाळायला मात्र बंदी आहे. वर्षा-दोन वर्षांचं पिल्लू असेल."

"पण वीस नखं..."

"याला एका पायाला तीनच नखं असतात. चार पायांची बारा."

"पंचनाम्यात वीस हायत, मॅडम. मी सोता मोजली."

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं, एक पाय हलक्या हातानं बाहेर घेतला आणि भिंग पुंजारामच्या हातात दिलं. त्यानं पाहिलं. तीन नखं काळसर, टोकदार, मुळापासून उगवलेली. बाजूची दोन पिवळट, रुंद, वाकडी. बुडाशी फेविक्विकचा पांढरा थर. आणि त्या दोन्ही नखांच्या आतल्या बाजूला मळ. माणसाच्या नखात असतो तसला मळ.

पुंजाराम बाहेर धावला आणि लिंबाच्या बुडाशी सकाळचा चहा ओकला.

परत आला तेव्हा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हा वास शेणाचा-बिणाचा नाही, हवालदार. डिंकाखाली बोटं सडायला लागलीत. नखं काढली नाहीत तर हे आठवडाभरही जगणार नाही."

दोघं साहेबांकडं गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत रेलले. टेबलाच्या काचेखाली रविवारचं कात्रण लावलेलं होतं.

"पंचनाम्यात वीस आहेत," साहेब म्हणाले. "वीसच राहतील. उद्या लोक म्हणतील, साध्या तळ्यातल्या कासवावर पेपरात फोटो काढून घेतला. मुद्देमालाला हात लावायचा नाही."

"साहेब, मरंल ते."

"मग मेलेल्याचा पंचनामा करू."

पुंजाराम सलाम ठोकून बाहेर आला. एकोणतीस वर्षं तो ह्याच्या आधीच्या साहेबांनाही असेच सलाम ठोकत आला होता, पण त्या दिवशी हात कपाळाला लावावा तर कपाळच ओशाळलं. मॅडम व्हरांड्यात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मी वर लिहू शकते. पण उत्तर यायला महिना जाईल."

तेवढ्यात लॉकअपचा चहा आला. पुंजारामनं गजांतून सांडूबुवाला कप दिला. बुवानं दोन्ही हातांत कप धरला, फुंकर मारली, आणि पुंजारामची नजर त्या हातांवर खिळली. दोन्ही अंगठ्यांची नखं बोटभर लांब, हळदीनं पिवळी. बाकीच्या आठ बोटांची मात्र मांसाला लागून कापलेली.

अंगठ्यांची का ठेवली होतीस रे भडव्या, त्या इवल्या पायावर मावली नाहीत म्हणून?

तो तसाच साहेबांच्या खोलीत शिरला. ह्या वेळेला त्यानं गयावया केली नाही. साहेबाला काय लागतं ते त्याला आता पुरतं कळलं होतं.

"साहेब, कासवाची आठ नखं आरोपीची हायत. त्याचे हात बघा. जादूटोणा तर हायच, वर गिऱ्हाइकांची फसवणूक. सरळ पुरावा. पण कासव सडलं तर पुरावा बी सडतोय. आज काढून सीलबंद केली तर..." तो क्षणभर थांबला. "पेपरवाल्यांना पुन्यांदा बोलवता येईल."

साहेबांचे डोळे चमकले. "असं? मग दुसरा पंचनामा करा. लगेच करा."

मुका जीव मरतोय म्हणल्यावर जे हललं नाही, ते फोटो म्हणल्यावर हललं.

दोन तास लागले. मॅडमनी कासव धरलं, पुंजारामनं कोमट पाण्यात पाय भिजवले, कापसानं तेलाचा थेंब लावला, पुन्हा भिजवले. "ओढू नका. आपोआप सुटू द्या." आठ नखं सुटली, पाकिटात गेली. लाखेचं सील सोललं. डिंकाखालची बोटं पांढरी पडून पाण्यात भिजलेल्या पावासारखी झाली होती. पुंजारामनं तोंडानं श्वास घेत घेत ती पुसली. मॅडमनी कागदावर लिहून दिलं: दिवसातून दोनदा मिठाच्या सौम्य पाण्यानं जखम धुवा, कोरडी करा, मलम लावा, तासाभरानं पाण्यात सोडा. पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं घ्या. खायला बारीक मासळी, गांडूळ. दूध अजिबात नको.

नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं. पुंजारामनं पिण्याच्या ड्रममधून टबात पाणी काढलं तेव्हा रायटर बोंबलला. पुंजाराम म्हणाला, "तू तहानेनं मेलास तर तुला बी सील लावीन."

बारा नखांची बातमी चौकीभर झाली आणि मजा बघा. ड्रायव्हर दारातून वळून पाहीना. शिपायांचं पाया पडणं बंद. कालचा देव आज नुस्तं नाक मुरडण्याजोगं जनावर झाला, आणि ते एका अर्थी बरंच झालं. पण गुरुवारी दुपारी पुंजाराम जेवून आला तर टबातलं पाणी दुधानं पांढरं, त्यात कुंकवाचे लाल डोळे, आणि पिल्लू तोंड उघडून कडेला धापा टाकत होतं.

त्याचं डोकं फिरलं. त्यानं व्हरांड्यात उभं राहून अख्ख्या चौकीला ऐकू जाईल असा आवाज टाकला. "ज्याचा हात ह्या टबात गेला असंल, त्या हाताला किडे पडतील! अळ्या पडतील!" दगडाबाई रिकामा डबा पिशवीत भरत होती. ती खाली मान घालून निघून गेली.

त्या दिवसापासून कुंकू बंद झालं. पुंजारामनं दोन्ही वक्ताला पाय धुतले, पुसले, मलम लावलं. पाचव्या दिवशी पिल्लानं मासळीचा तुकडा ओढला. नवव्या दिवशी पुंजारामच्या बोटालाच चावलं. "व्हय रे हरामखोरा," तो म्हणाला, आणि चौकीत कुणी नाही असं बघून हसला. पंधराव्या दिवशी कोर्टाचा हुकूम आला. मॅडम आणि फॉरेस्टवाल्यांसोबत त्यानं ते तळ्यात सोडलं. काठावर प्लास्टिकच्या पिशव्यांतलं निर्माल्य, सडके नारळ, दारूच्या बाटल्या. त्यातून वाट काढत पिल्लू चिखलात शिरलं आणि दिसेनासं झालं.

संध्याकाळी घरी येऊन तो ओट्यावर टेकला. दगडाबाईनं पाणी दिलं.

"सोडलं?"

"सोडलं. बोटं पार भरून आली. निस्तं मिठाच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं. एवढंच. आणि तो कोण भगत व्हता कुंकवाचा, त्यानं मारलंच व्हतं त्याला."

दगडाबाईनं दोन्ही हात त्याच्यापुढं पसरले. तळवे उताणे, बोटं ताणलेली.

"बघा. अजून पडले नायत किडे. रोज बघते मी."

पुंजारामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तांब्या हातातच राहिला.

"तू? बारा नखं हायत हे कळल्यावर बी?"

"ते मला कुणी सांगितलं? तुमी घरात कवा बोलता?" तिचा आवाज चढला, मग बसला. "डॉक्टरचा कंपाउंडर म्हणला, अंगठा काढावा लागंल. तुमी म्हणला, भरत आलाय. मला ना पैशाचा पाऊस पाहिजे व्हता ना काय. त्याची वीस नखं तशीच तुमची वीसची वीस ऱ्हाऊ दे, येवढंच म्हणत व्हते त्याला."

पुंजारामच्या तोंडात पंधरा दिवसांच्या शिव्या भरल्या होत्या. सगळ्या आतल्या आत उलट्या फिरून त्यालाच येऊन लागल्या.

दगडाबाई आत गेली. कोमट पाण्याचं पातेलं, मीठ आणि स्वच्छ फडकं घेऊन आली. त्याच्या पायाशी बसली आणि पट्टी सोडायला लागली. आठवडाभर त्यानं ती बदलली नव्हती. त्याला ती बघवतच नव्हती. शेवटचा वेढा सुटला तसा भपकारा आला आणि पुंजारामनं तोंड फिरवलं.

दगडाबाईनं नाक धरलं नाही. तिनं फडकं भिजवलं, पिळलं आणि विचारलं, "मीठ किती घालायचं वो? कासवाला किती घालत व्हतात?"