वरच्या मजल्यावरचा ससा

“ताई, वरचा साहेब सशाला लाथा घालतोय. आज ससा हाय, उद्या बाई आसंल,” यमुनाबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या होत्या. वरच्या घरातली धुणीभांडीही त्यांच्याकडेच. तनयाने ओठांवर बोट ठेवलं. आठ महिन्यांचा वरद नुकताच झोपला होता. “हळू बोला हो. आणि दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय करायचंय?”

पण वर धपधप व्हायची ती ऐन दुपारी, आणि वरद दचकून उठायचा. मग तिने वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘४०२ मधून दुपारी एक ते चार ठोकाठोकीचा आवाज येतो. घरात लहान बाळ आहे.’ खाली उत्तर आलं : ‘क्षमस्व. यापुढे आवाज होणार नाही. – विश्वजीत.’ आणि खरंच झाला नाही. साहेबांनी हॉलभर जाड गालिचा अंथरलाय, असं यमुनाबाईंकडून कळलं. किती समजूतदार माणूस, असं तनयाला वाटलं.

एप्रिलात एका दुपारी ती बाल्कनीत दुपटी वाळत घालत होती, तेव्हा ससा वरून आला. आधी कठड्यावर आपटला, काटकी मोडल्यासारखं काहीतरी वाजलं, मग तिच्या पायाशी पडला. ससा ओरडतो हे तिला माहीतच नव्हतं. तो तान्ह्या मुलासारखा ओरडला. धुतलेल्या दुपट्यांवर रक्ताचे शिंतोडे उडाले. वर विश्वजीत वाकून बघत होता.

“उडी मारली हो त्याने. ठेवा आता तुम्हीच. तुम्हालाच आवाजाचा त्रास होत होता ना?”

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. “कणा आज मोडलाय. पण या तीन बरगड्या आधीच मोडून जुळल्यात. दोनेक महिने झाले असतील.”

तक्रारवहीतली तारीख तनयाला पाठ होती. ती फेब्रुवारीतलीच होती.

चार दिवस तिने त्याला सिरिंजने भरवलं, पोट हलकं दाबून लघवी काढली. दाराची बेल वाजली, की तो मेलेले पाय ओढत भिंतीकडे सरकायचा.

चौथ्या दिवशी विश्वजीतची बायको दीपाली खाली आली. एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या, ओठाला दोन टाके. तिने सशाच्या कानामागून बोट फिरवलं.

“जगेल?”

“पाय गेलेत. पण कदाचित जगेल.”

“नको. बरा झाला तर हे त्याला परत वर मागतील.”

“दीपालीताई, तुम्ही इथेच थांबा.”

“गॅसवर दूध आहे,” असं म्हणत ती उठलीसुद्धा.

त्या संध्याकाळी सशाने खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेवटची सुई दिली, तेव्हा त्याचं डोकं तनयाच्या तळहातात होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे ताठ कान सैल पडले. सोसायटीच्या मागे कण्हेरीखाली तिने खड्डा खणला. ‘माती द्यायला या,’ असा दीपालीला निरोप धाडला होता. दीपाली आली नाही.

मातीच्या हातांनीच तनया वर गेली. विश्वजीतने दार वीतभर उघडलं.

“ती माहेरी गेलीय. का? आवाज येतोय का काही?”

त्याच्या मागे गालिचा गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता. फरशी ओली होती. दीपालीच्या चपला दाराबाहेरच होत्या.

जिन्यात उतरता उतरता तिने ११२ ला फोन लावला. मग पोलीस येईपर्यंत हात स्वस्थ बसेनात, म्हणून तक्रारवही उघडली आणि विश्वजीतच्या सहीखाली लिहिलं :

‘४०२ मधून आता आवाज येत नाही. जो कोणी हे वाचेल त्याने वर जावं, बेल वाजवावी, आणि दीपाली स्वतः समोर दिसल्याशिवाय परत फिरू नये.’