उकिडवं बसणं

सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाडची एसटी जिथून वळून माघारी जाते त्याच्या थोडं पुढे, शहरातल्या माणसांसाठी एक योगकेंद्र निघालं. नाव ‘निवांत’. शनिवार-रविवार ठाण्याकडची, पुण्याकडची माणसं यायची, सकाळी आसनं करायची, नाचणीची भाकरी खायची आणि मग डोळे मिटून मनाला येईल तसं नाचायची. या नाचाला तिथे सजग नृत्य म्हणत. स्वयंपाकघरात कामाला असलेल्या गावातल्या बायांनी ते पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं, तेव्हा प्रेमा म्हणाली होती, “हळदीत नाचतात तसंच हाय गो. फक्त हळद नाय नि नवरा नाय.”

त्या बायांत दोघी सख्ख्या जावा होत्या. थोरली शकू आणि धाकटी गीताबाई. दोघींचं बरं चाललं होतं, पण ते वालाच्या शेंगांपर्यंत.

एका रविवारी गीताबाई अंगणात उकिडवी बसून शेंगा सोलत होती. टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ ताठ, आणि शेजारी टोपलीभर शेंगा. योग शिकवणाऱ्या हेतल मॅडम तिथून जाता जाता थबकल्या. त्यांनी आतली वीस-पंचवीस माणसं बाहेर बोलावली.

“बघा, हे मालासन. आपल्याला टाचांखाली घड्या घातलेली घोंगडी लागते. या ताई काम करता करता तासभर बसल्यात.”

माणसं वाकवाकून गीताबाईच्या टाचा बघू लागली. कुणी फोटो काढला. पुढच्या शनिवारी तो फोटो जेवणघराच्या भिंतीवर लागला, आणि मग दर रविवारी गीताबाई वर्गात पुढे बसू लागली. लोक तिला गीताताई म्हणू लागले.

शकू त्या दिवशी आत ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. उभी, कारण तिचा उजवा गुडघा दोन पावसाळे धड नव्हता. नवरा सुदाम सोडला तर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या मनातून ते जाईना. उकिडवं बसायचं कसलं आलंय कौतुक? सगळा गाव बसतो. आणि ही गीता लग्न होऊन आली तेव्हा हिला चिखलात उभंसुद्धा राहता येत नव्हतं. लावणीला हिच्या हातात आवा, भाताची रोपं, दिली कुणी, चुलीपुढे बसवलं कुणी? जेवणघरात वाढताना शकूची नजर भिंतीकडे जायची आणि हातातला डाव तिथेच थांबायचा. मग त्या पाहुण्याच्या ताटात आमटी जरा जास्तच पडायची.

बरं, गीताबाईने गुपचूप मिरवावं, तर तेही नाही. एकदा शकू भरला हंडा उचलत होती, तर ही मागून म्हणते, “बाय, श्वास सोड. दम कोंडू नको.”

“चाळीस वर्षं घेतेय श्वास,” शकू म्हणाली. “तुज्या मॅडमला इचारून नाय घेत.”

शेवटी एका शनिवारी शकूने हेतल मॅडमना गाठलंच. “गीताला हे समदं शिकवलं कुनी, म्हाईत हाय? मी शिकवलं. मी थोरली.”

मॅडमना आनंदच झाला. “मग उद्या तुम्ही दोघी पुढे बसा.”

शकूला आपला गुडघा आठवला. पण तोंडातून गेलेला शब्द गिळता थोडाच येतो? त्या संध्याकाळी गोठ्यामागे, खांबाला धरून, तिने तीनदा बसून पाहिलं. सुदामने ते बघितलं.

“कशाला जातेस मरायला? गुडगा तुजा, का मॅडमचा?”

“तुमी गप ऱ्हावा.”

रविवारी दोघी जावा वर्गापुढे उकिडव्या बसल्या. समोर सगळी शहरातली माणसं, कुणी घोंगडीवर, कुणी भिंतीला टेकून. पाच मिनिटांत निम्मी आडवी झाली. दहाव्या मिनिटाला गीताबाई सहज उठली, लुगडं सारखं केलं आणि बाजूला झाली. शकू उठली नाही. ‘हिच्याआधी तर नाहीच, पण हिच्याबरोबरही नाही,’ असं तिने ठरवलं होतं. एकेक करत सगळे उठले. मग शकूनेही उठायचं मनात आणलं, पण गुडघा हलेना. पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

“शकूताईंकडे बघा,” हेतल मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “याला म्हणतात स्थिर बसणं.”

टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोटो काढला. महिनाभर ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं एका क्षणात पदरात पडलं, आणि ते घेऊन उठायची सोय नव्हती.

मग गाणं लागलं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि नाच सुरू झाला. शकूभोवती माणसं घुमत होती, कुणी हात पसरून, कुणी मान डोलवत. ओढ्यातल्या धोंड्याभोवती पाणी फिरतं तशी. ती मधोमध दात आवळून बसली होती. डोळ्यांत पाणी येत होतं, आणि लोकांना तेही भक्तीचं वाटलं असतं.

तेवढ्यात पाठीशी कुणीतरी आलं. गीताबाई. तीही डोलत होती, पण डोळे उघडे ठेवून. तिने शकूच्या काखेत हात घातले आणि भाताचा भारा उचलावा तसं तिला उभं केलं. सोडलं मात्र नाही. पायात रक्त उतरेपर्यंत तिला धरून तशीच डावीकडे-उजवीकडे हलत राहिली, नाचल्यासारखी. गाणं संपलं तेव्हा शकू आपल्या पायांवर उभी होती. कुणीच काही पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी भिंतीवर शकूचाही फोटो लागला, गीताबाईच्या वर. पण शकूला तो बघवेना. गीता कधी बोलते याची ती वाट बघत होती. एकदा बोलू दे, म्हणजे चांगलं भांडता तरी येईल. आठवडा गेला, गीताबाई बोलली नाही.

सोमवारी नळावर प्रेमा म्हणाली, “शकूबाय, घंटाभर बसलीस म्हनं? गीताबाई, खरं काय गो?”

“बसली की,” गीताबाई हंडा विसळत म्हणाली. “मी बघितलं ना.”

बस्स. शकूला ते सोसलं नाही. उभं केलं, आठवडाभर झाकून ठेवलं, आणि आता वरून हा मोठेपणाही हिलाच?

“कसली बसतेय,” शकू म्हणाली. “गुडगा धरला व्हता माजा. उटताच येईना. ती माणसं डोळे मिटून नाचतायत नि मी मधी, खुंट्याला बांधलेल्या म्हशीवानी. हिनं वर उचलली मला. नायतर आजून तितंच असते, नि मॅडम टाळ्या वाजवत असती.”

बाया पोट धरून हसल्या. प्रेमाला तर ठसका लागला. शकूने पुन्हा सांगितलं, या वेळी मॅडमचा आवाज काढून. गीताबाई हंडा खाली ठेवून सगळ्यांत जास्त हसत होती, आणि शकूच्या मनात आलं, बघा, हसण्यातही हिलाच पुढे राहायचंय.