आवाज न करता उचला

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, तुमच्या जेवणाच्या टेबलाजवळ असते तसली नव्हे. मी टेनिसच्या पंचांची खुर्ची. सहा पायऱ्या चढल्याशिवाय माझ्यावर बसता येत नाही. त्यामुळे येणाजाणाऱ्यानं घटकाभर टेकावं, दोन गप्पा माराव्यात, हे सुख माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

माझा जन्म विरारजवळच्या आगाशीहून थोडं पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका बागायती गावात झाला. गावच्या चर्चमधला जुना सागवानी जिना काढला, तेव्हा सॅन्टन सुतारानं त्यातली एकही फळी वाया जाऊ दिली नाही. महिनाभर रंधा मारून, खिळ्यांऐवजी स्क्रू वापरून त्यानं मला उभं केलं. "पंच डळमळला तर बघू, खुर्ची डळमळता कामा नये," असं तो म्हणायचा. म्हणून त्यानं मला एवढी जाडजूड केली, की जागची हलवायला चार दणकट माणसं लागतात. जिमखान्याच्या लाल मातीच्या कोर्टावर मला पहिल्यांदा ठेवलं, तेव्हा फादरनी मला हार घातला होता. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा चांगलीच फुशारले होते.

नाताळ झाला की गावची स्पर्धा भरायची. तेव्हा खेळायचे फक्त पुरुष. बायका कडेला बसून संत्री सोलायच्या आणि वाद घालायच्या. पुढे गावातली तरणी माणसं कामाधंद्याला लांब जाऊ लागली आणि स्पर्धा बंद पडली. मला जिमखान्याच्या हॉलच्या व्हरांड्यात मांडवाच्या बांबूंशेजारी टाकलं. कुणी माझ्यावर चढून हॉल रंगवला, त्याचे निळे शिंतोडे अजून अंगावर आहेत. एका कोंबडीनं तर माझ्या बैठकीवर दोनदा पिल्लं काढली. तेवढीच काय ती सोबत. त्या बारा वर्षांत मला फार एकटं वाटलं, मित्रांनो.

चार वर्षांपूर्वी स्पर्धा पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी मुलींचीही. पंच म्हणून आल्या सरोजिनीबाई. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला विरार पूर्वेला चंदनसारला. एक रिक्षा आणि एक बस करून यायच्या. गुडघे दुखायचे, पण सहाही पायऱ्या कुणाचा हात न धरता चढायच्या. अंगानं काडी, पण शिस्तीला लोखंड. तीस वर्षं त्यांनी मुलींना एकच शिकवलं होतं: "तोंड मिटून पळा. मुलीच्या जातीला आरडाओरडा शोभत नाही."

आता बेलाचं सांगते. फुलांची बाग करणाऱ्या मर्सीची ही सतरा वर्षांची लेक. रोज सकाळी आईबरोबर मोगरा खुडायची आणि संध्याकाळी कोर्टावर यायची. बॉलवर रॅकेट पडली की तिच्या पोटातून आवाज निघायचा, "हेऽऽआ". लहानसहान नव्हे, पार रस्त्यापर्यंत जाईल असा. यंदा जिंकणाऱ्या मुलीला मुंबईच्या एका शिबिरात महिनाभर सराव करायला मिळणार होता. बेलानं वर्षभर तोच ध्यास घेतला होता.

ती उपांत्य सामना जिंकली, त्याच संध्याकाळी तिच्या आवाजाविरुद्ध बावीस सह्यांचा अर्ज आला. घरात टीव्ही ऐकू येत नाही, बघायला लाज वाटते, पोरं नकला करतात, असं बरंच काही त्यात होतं. जिमखान्याचे सेक्रेटरी एडवर्ड भला माणूस, पण सह्या बघून घाबरणारा. त्यानं फळ्यावर नोटीस लावली: "महिला खेळाडूंनी खेळताना तोंडानं आवाज करू नये. दोन ताकिदींनंतर सामना प्रतिस्पर्ध्याला दिला जाईल."

फक्त महिला खेळाडूंनी. मला हसावं की रडावं कळेना. मार्सेल सर्व्हिस करताना असा हुंकार देतो, की समोरच्या चिकूवरचे पोपट उडून जातात. युजीन तर धावताना कण्हतो. इतकी वर्षं मी हे ऐकतेय, पण त्याबद्दल कधी एका ओळीचा अर्ज आला नाही.

दुसऱ्या दिवशी बेला तोंड घट्ट मिटून सराव करू लागली. सात सर्व्हिस केल्या, सातही जाळ्यात. श्वास आत कोंडायचा आणि खांदा आखडायचा. शेवटी ती व्हरांड्यात माझ्या पायरीवर येऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडली. मर्सी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाय, मोगऱ्याची पाटी डोक्यावर घेताना माझ्या तोंडून पण निघतो आवाज. मी काय त्याची माफी मागू?" मला बोलता आलं असतं तर मी काहीतरी बोलले असते.

रविवारी दुपारी अंतिम सामना होता. बेलासमोर होती विरारची संपदा, शांत आणि चपळ. सगळं गाव जमलं होतं. मला व्हरांड्यातून कोर्टावर न्यायला एडवर्ड, युजीन, मार्सेल आणि जेन्सन असे कमिटीचे चौघं आले. सरोजिनीबाई फळ्यासमोर नोटीस वाचत उभ्या होत्या. चौघांनी मला धरलं, आणि उचलताना चौघांच्या तोंडून एकदमच निघालं, "हुंऽऽप!"

बाई वळल्या. त्यांनी चष्मा नीट केला.

"खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आता आवाज न करता उचला."

"म्हणजे कसं, मॅडम?" एडवर्डनं विचारलं.

"या नोटिशीत लिहिलंय तसं. तोंड मिटून."

चौघांनी ओठ घट्ट दाबले. मी जेमतेम दोन बोटं वर गेले. एडवर्डचा चेहरा बीटासारखा झाला, मार्सेलचे डोळे बाहेर आले, आणि जेन्सननं "अग आये" म्हणत मला सोडलं. मी धप्पकन खाली आले. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग पुरुषही. मी दणकट आहे याचा मला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

सरोजिनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षं मी मुलींना तोंड मिटायला लावलं. किती जणींचा श्वास कोंडला असेल, देव जाणे."

एवढ्यात संपदा पुढे आली. "मॅडम, पण मला पण बोलायचंय. तिच्या आवाजाचा मला खरंच त्रास होतो. बॉल रॅकेटवर कसा लागला ते ऐकून मी पाय हलवते. तिचा आवाज इतका लांबतो, की बॉल माझ्याकडे आला तरी चालूच असतो."

बेला म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

बाईंनी नोटीस फळ्यावरून काढली, उलटी केली, माझ्या पायरीवर ठेवली आणि पेनानं लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं: "फटका मारताना आवाज निघाला तर चालेल. बॉल जाळीपलीकडे गेल्यावरही आवाज चालू राहिला, तर तो पॉइंट पुन्हा खेळायचा. हा नियम सगळ्यांना."

"पुरुषांना पण?" एडवर्डनं विचारलं.

"पुरुष काय मुक्यानं खेळतात?"

मग त्या चौघांनी मला मनसोक्त ओरडत कोर्टावर नेऊन ठेवलं, आणि सामना सुरू झाला. काय खेळल्या पोरी! पहिला सेट बेलाचा, दुसरा संपदाचा. बेलाचा आवाज पुन्हा पोटातून येत होता, पण आखूड, बॉल रॅकेटवरून सुटला की संपणारा. तिसऱ्या सेटमध्ये बेलाला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. मर्सीनं डोळे मिटून क्रूसाची खूण केली. बेलानं सगळं बळ लावून फटका मारला, आणि भावनेच्या भरात आवाज लांबला. बॉल जाळीपलीकडे पडला तरी तो चालूच होता. संपदाचा परतीचा फटका बाहेर गेला. लोक उठून नाचायला लागले.

याच पोरीसाठी बाई भर गर्दीत कमिटीशी भांडल्या होत्या. तरी त्यांनी हात वर केला. "आवाज लांबला. पॉइंट पुन्हा."

लोकांनी नाराजीचा गलका केला. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, आता कशाला?" बेला मागे जाऊन सर्व्हिससाठी उभी राहिली. तो पॉइंट संपदानं घेतला, त्यापुढचाही, आणि शेवटी सामनाही. मित्रांनो, मी लाकडाची असूनही मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर प्रौढांच्या दुहेरीत एडवर्डचाच आवाज लांबून पॉइंट पुन्हा खेळावा लागला आणि लोकांची नाराजी हसण्यात विरली. बक्षिसं वाटून झाली, कोर्ट रिकामं झालं, तरी बाई वरच बसून राहिल्या. तेव्हा बेला आली. दोन पायऱ्या चढून ती थांबली.

"मॅडम, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"मी कशाला रागावू? मला वाटलं, तू रागावली असशील."

"मघाशी आला होता राग," बेला म्हणाली. "पण तुम्ही माझा आवाज बंद नाही केलात. तो लांबला, तेवढंच सांगितलंत. पुढच्या वर्षी पण तुम्हीच बसा. मी जिंकले, तर तुमच्यासमोर जिंकायचंय मला."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. संपदा जाळीजवळ बेलाची वाट बघत उभी होती. दोघींनी दर रविवारी एकत्र खेळायचं ठरवलं होतं.

म्हणून मित्रांनो, आज मी तुमच्याकडे एक मागणं मागते. माझ्या डाव्या मागच्या पायाला वाळवी लागली आहे आणि वरच्या पायरीचे स्क्रू गंजले आहेत. पावसाआधी कुणीतरी पाय बदला, स्क्रू आवळा, अंगाला तेल लावा. हार नको, रंग नको. एका मुलीला आवाज काढत न्यायानं जिंकायचं आहे आणि ते बघायला बाईंना सहा पायऱ्या चढून वर यायचं आहे. पुढच्या नाताळानंतर त्या चढतील, तेव्हा मला डळमळायचं नाही.